वेबपानावरील नक्षी आणि अंध गिऱ्हाईक

दुकानाच्या पाटीवर नावाभोवती रंगारी वेलबुट्टी काढतो. एखाद्या अंध गिऱ्हाइकाने पाटीवर काय आहे असे विचारले तर आपण नाव वाचून दाखवतो, वेलीची पाने मोजत बसत नाही. इंटरनेटवरील दुकानाचेही तसेच आहे.

अंध माणसे फोन कानाने वाचतात. अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक किंवा संगणकावरील एनव्हीडीए (हे फुकट मिळते) पडद्यावरील मजकूर बोलून दाखवते. चित्राचे वर्णन मात्र पान बनविणाऱ्याने 'आल्ट' नावाच्या जागेत लिहावयाचे असते.

समजा, कनेरगाव नाक्यावरील एखाद्या गादी-रजईच्या कारागिराने पान बनवून घेतले. वर फुलांची किनार, मध्ये नक्षीची रेघ. आल्ट दिलाच नाही तर ते साधन पुष्कळदा फाईलचे अगम्य नाव वाचत सुटते. हौसेने 'सुंदर गुलाबी किनार' असे लिहिले तर गिऱ्हाईक भावापर्यंत पोहोचण्याआधीच कंटाळते. म्हणून शोभेच्या चित्रास आल्ट द्यावा, पण दोन अवतरणचिन्हांमध्ये काहीही लिहू नये. साधन ते चित्र मुकाट्याने ओलांडते. आल्ट न देणे आणि रिकामा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच्या उलट चूक अधिक महाग पडते. भावाचा तक्ता रंगीत चित्र करून टाकण्याची आपल्याला फार सवय! त्याचा आल्ट रिकामा ठेवला तर भाव, फोन नंबर, दुकानाची वेळ सारेच गडप. तो मजकूर चित्राखाली साध्या अक्षरांत लिहावा हे उत्तम. दाबल्यावर फोन लागतो ते हिरवे चित्रही शोभेचे नव्हे. तेथे 'दुकानाला फोन करा' असे हवे. गादीच्या फोटोखाली माप आणि कापूस लिहिलेला असेल, तर तेच आल्टमध्ये पुन्हा नको. परंतु कापडाचा रंग फोटोतच दिसत असेल तर तो जरूर लिहावा. अंध गिऱ्हाईकही घरच्यांसाठी रंग निवडते.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरविला. पण आम्ही हे कायद्याच्या भीतीने सांगत नाही, गिऱ्हाईक परत जाते म्हणून सांगतो.

पान बनविणाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून, आपल्याच दुकानातून एक रजई मागवून पाहावी. एकदा स्पर्श केला की तो वाचतो, लागोपाठ दोनदा टिचकी मारली की बटण दाबले जाते. हे ठाऊक नसले तर फोनच बिघडला असे वाटते.