काळाचौकीची खोली आणि सुरू उसातील काकडी



आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी गिरणीच्या निमित्ताने मुंबईला गेले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या. तरी काळाचौकी-लालबागची खोली काहींनी अजून टिकवून धरली आहे.

मागे माघात अशाच एका खोलीवर आम्ही उतरलो होतो. वहिनींना डब्यात लावायला काकडीचे बी नेले होते. निम्म्या पिशव्या गॅसच्या ओट्याखाली ठेवल्या. गावाकडे थंडीत रुसून बसणारे बी तिथे चार दिवसांत वर आले! आम्ही खूश. पण रोपे तिथेच अंधारात राहिली, दोऱ्यासारखी लांबली, पिवळी पडली आणि मान टाकून बसली. गॅलरीत सकाळच्या उन्हाला ठेवलेली उशिरा उगवली, पण ठेंगणी व टणक झाली. सांगायचे एवढेच, की उगवायला ऊब लागते, वाढायला ऊन लागते.

याचा आपल्या उसाशी संबंध काय? सुरू लागण 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारीची. मोठी बांधणी साडेतीन-चार महिन्यांनी. तेवढ्याच काळात आंतरपिकाने पदरात पैसा टाकायचा. काकडीला बी टोकल्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत सुमारे दीड महिना जातो. गार जमिनीत बी अडून बसले की पुढचे तोडे बांधणीत सापडतात. घरी केलेले रोप लावले तर पंधरा-वीस दिवस हाती राहतात.

रीत सोपी आहे. बी रात्रभर भिजवावे, मग मटकीला मोड आणतो तसे ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवावे. कारल्याचे कवच जाड, ते चोवीस तास भिजवावे. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी भोके पाडून माती, वाळू व प्रेसमडचे चांगले कुजलेले खत समभाग भरावे. मोड दिसताच एका पिशवीत एकच बी, बोटाच्या एका पेरावर लावावे. अंकुर वर आला की त्याच दिवशी पिशवी उजेडात आणावी.

पाणी बेताने, सकाळीच द्यावे. सतत चिखल राहिला तर रोप बुडाशी सडून कोलमडते. लावणीआधी आठवडाभर पाणी कमी करून ऊन वाढवत न्यावे. दोन-तीन खरी पाने आली की संध्याकाळी पिशवी फाडून, मुळाची माती न फोडता, वरंब्याच्या बगलेला लावावे. वेलाला खत वेगळे द्यावे, नाहीतर ते उसाच्या तोंडचा घास घेईल. वेल उसावर चढू देऊ नये आणि बांधणी आली की काकडीचा मोह सोडावा.

पहिल्या वर्षी पंचवीस-तीस रोपेच करून पाहावीत. अडचण आल्यास आपल्या गट कार्यालयात विचारावे.