दिवेलागणीच्या आत घरात

आमच्या लहानपणी घरोघरी एक नियम असे. दिवसभर कुठेही हुंदडा, पण दिवेलागणीच्या आत घरात. हा नियम या वयात एका बोक्याला लावावा लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

डोंबिवली पूर्वेला आमचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तळमजल्याच्या दुकानाचा पत्रा, पत्र्यापलीकडे कुंपणाची भिंत, भिंतीलगत जांभूळ आणि पुढे रस्ता. आमचा पहिला बोका सोन्या याच वाटेने रोज फिरायला जायचा. श्रावणातल्या एका रात्री तो गेला, तो परत आला नाही. चार दिवस मी खाऊचा डबा वाजवत, उभ्या रिक्षांखाली टॉर्च मारत फिरलो. पाचव्या दिवशी झाडूवाल्याने रस्त्याच्या कडेला काय पाहिलं ते सांगितलं. सौ.ने त्या संध्याकाळी सोन्याची बशी घासून फडताळात उपडी ठेवली.

म्हणून पुढे खंडू आला, तेव्हा तिने खिडकीला जाळीचं दार बसवून घेतलं. खंडूने तीन महिने त्या जाळीशी बैठक मारली. पडदे फाडले, रात्री गळा काढला.

"अगं, याने काय गुन्हा केलाय?" मी एकदा म्हणालो.

"तुम्ही निदान शोधायला तरी बाहेर पडलात. मी खिडकीत बसून होते," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरीही एका दुपारी ती भिशीला गेल्यावर मी जाळी उघडली. तासाभराने खंडू ऐटीत परतला आणि त्याने माझ्या पायाशी बुलबुलाचं पिल्लू ठेवलं. ते जिवंत नव्हतं.

म्हणजे मोकळीक बोक्याची, पण तिची किंमत दुसराही कुणी मोजत होता. मग मी वाचायला बसलो. अमेरिकेत मोकाट फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये तिथल्या संशोधकांनी मांडला. त्यात मोठा वाटा बेवारशी मांजरांचा. पण घरचीही त्यात आहेतच. २०२० मध्ये सहा देशांतल्या नऊशेहून अधिक पाळीव मांजरांच्या फिरण्याचा माग प्रसिद्ध झाला. बहुतेक स्वाऱ्या घरापासून शंभर मीटरच्या आतच! आमच्या शंभर मीटरांत मात्र रस्ता येतो. इंग्लंडमधल्या २०२१ च्या अभ्यासात आढळलं, की मांजराशी रोज पाच-दहा मिनिटं खेळलं तर ते घरी आणत असलेली शिकार चतुर्थांशाने घटते. भरपूर मांस असलेलं खाणं दिलं तर एक तृतीयांशाहून जास्त.

अंधाराची भीती आपल्या भागाला नवी नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यात बिबट्या थेट मॉलमध्ये शिरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत शिरून त्याने माणसं जखमी केली. डोंबिवलीच्या बोक्याला बिबट्यापेक्षा टेम्पोचं भय अधिक, हे खरं. पण रात्री चालकाला मांजर दिसत नाही, तेवढं पुरे.

अखेर तह झाला. आधी नसबंदी, कारण तशा बोक्याचं लांब भटकणं आणि मारामाऱ्या कमी होतात. रेबीजची लस. पाखरांच्या पिल्लांच्या दिवसांत जाळी बंद. एरवी सकाळी न्याहारीनंतर मोकळीक, संध्याकाळी दिवा लागला की डबा वाजवायचा. रात्री मी दोरीला पीस बांधून दिवाणखान्यात धावतो. गुडघ्यांनाही व्यायाम होतो.

परवा दिवा लागला, डबा वाजला, खंडू नाही. सौ. काही बोलली नाही. माझ्या हातातला डबा घेऊन ती स्वतः खिडकीत उभी राहिली आणि वाजवत राहिली. पाऊण तासाने पत्रा वाजला. भिजलेला खंडू आत आला. तिने पदराने त्याला पुसलं, जाळी लावली आणि फडताळातली सोन्याची बशी काढून त्याच्यापुढे ठेवली.

आता हा पुन्हा तीन महिने आत, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर जाळीचं दार तिनेच उघडलं.