स्कॅनर बिघडलेला नव्हता

गेल्या जूनमध्ये आपल्या वाङ्मय मंडळाच्या खोलीत नवा कॉम्प्युटर आला. पेढे वाटले, फोटो झाले, जुना डबा स्टोअररूममध्ये गेला. दोन दिवसांनी मी एक जुना हस्तलिखित अंक घेऊन स्कॅनरपाशी बसले, वायर जोडली, आणि पडद्यावर काहीच नाही. स्कॅनरचा दिवा लागतोय, आतून नेहमीची घरघर येतेय, पण कॉम्प्युटर ओळखच दाखवायला तयार नाही. बघायला आलेल्या प्रत्येकाने एकच निदान केलं : स्कॅनर गेला, भंगारात टाका, नवा घ्या.

मला ते पटेना. आपल्या कपाटातले हस्तलिखित अंक ज्यांनी हातात घेतलेत त्यांना कारण कळेल. प्रत्येकाची एकच प्रत. मुलामुलींनी स्वतः लिहिलेली, चित्रं चिकटवलेली, जाड पुठ्ठ्यात बांधलेली. शाई उडत चालली आहे. काही पानं तर उजेडात तिरकी धरल्याशिवाय वाचताच येत नाहीत. आणि अंक पूर्ण उघडून दाबला की शिवण सुटते.

इथेच जुना स्कॅनर कामाला येतो. आज बाजारात जे पातळ, स्वस्त स्कॅनर मिळतात त्यातल्या बहुतेकांत सीआयएस नावाचा सेन्सर असतो. काचेला चिकटलेलं तेवढंच तो स्पष्ट बघतो; कागद थोडा वर उचलला गेला की अक्षरं धुरकट. आपला जाडजूड स्कॅनर सीसीडी जातीचा आहे. त्यात आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे शिवणीपाशी काचेपासून वर राहिलेल्या ओळीही तो वाचण्याजोग्या टिपतो. मोबाइलनेही मी फोटो काढून बघितले. शिवणीपाशी सावली, आणि ओळी वाकड्या. सीसीडीवाले नवे स्कॅनर मिळतात, नाही असं नाही, पण आपल्या मंडळाच्या बजेटमध्ये ते बसत नाहीत.

शेवटी स्कॅनर पिशवीत घालून खडे बाजारातल्या एका रिपेअरवाल्या काकांकडे गेले. (अशा स्कॅनरला बहुधा तळाशी किंवा बाजूला एक कुलूप असतं. हलवण्याआधी ते लावायचं, म्हणजे आतला भाग आपटत नाही. मी लावलं नव्हतं. नशीब!) काकांनी तो त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला, कंपनीच्या साइटवरून काहीतरी उतरवून घेतलं, आणि तो मस्त चालला.

"स्कॅनरला काय झालंय ओ? काय बी नाही. तुमचा कॉम्प्युटर नवा आलाय, त्याला ह्याची भाषा येत नाही की," ते म्हणाले. पैसेही घेतले नाहीत.

भाषेची अडचण आपल्याला बेळगावात कोणी समजवायला नको. माझी आजी घरात कोंकणी बोलते, बाजारात मराठी, आणि कन्नडमधला सरकारी अर्ज भरायचा असला की शेजारच्या काकूंना बरोबर नेते. ड्रायव्हर म्हणजे त्या काकू. विंडोज म्हणतं, पान स्कॅन कर. ड्रायव्हर तेच त्या मॉडेलला कळेल असं सांगतो : दिवा लाव, मोटर इतकी पुढे ने, आता थांब. काकू गावाला गेल्या की आजीचं काम अडतं. म्हणून काही आजी आजारी आहे असं होत नाही.

मग आपल्या काकू कुठे गेल्या? जुन्या कॉम्प्युटरवर ३२ बिटचं विंडोज ७ होतं. नव्यावर विंडोज ११ आहे, आणि ते फक्त ६४ बिटमध्येच येतं. ३२ बिटचे साधे प्रोग्रॅम त्यावर बहुधा चालतात. पण अशा उपकरणाचा ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यात शिरून काम करतो, आणि तिथे ३२ बिटवाल्याला प्रवेशच नाही. या मॉडेलसाठी कंपनीने ६४ बिटचा ड्रायव्हर काढलेला नाही. विकून झालेल्या वस्तूसाठी पुन्हा लिहायचा तर खर्च, आणि नाही लिहिला तर आपण नवा स्कॅनर घ्यायला जातो. हिशेब कळायला कॉमर्सला असायची गरज नाही.

जुनाच कॉम्प्युटर फक्त स्कॅनसाठी, इंटरनेट न जोडता ठेवता आला असता. पण त्याची हार्ड डिस्क कुरकुरत होती, म्हणून तर नवा आला. मग मी एक मूर्खपणा केला : 'मोफत ड्रायव्हर' देणाऱ्या कुठल्यातरी साइटवरून फाइल उतरवली. अँटिव्हायरसने ती वेळीच अडवली. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा, नसेल तर दुसरा रस्ता शोधायचा.

दुसरा रस्ता लिनक्सचा निघाला. सेन नावाच्या एका प्रकल्पात स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून जुन्या-नव्या स्कॅनरचे ड्रायव्हर लिहिले आहेत आणि कोणतं मॉडेल कितपत चालतं याची यादी ठेवली आहे. आपल्या मॉडेलसमोर 'गुड' असा शेरा होता. काही स्कॅनरना कंपनीची एक वेगळी फर्मवेअर फाइल लागते, आपल्याला लागली नाही. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर उतरवलं आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला. आतल्या विंडोजला हातही लावावा लागत नाही. त्यातला स्कॅनचा प्रोग्रॅम उघडला, बटण दाबलं, आणि दिवा सरकायला लागला. मी एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

एक सावधगिरी. असं चालवलेलं लिनक्स बंद करताच त्यात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. पहिल्या दिवशी माझी अकरा पानं अशी गेली. स्कॅन लगेच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर टाकायचे. ज्यांना लिनक्स नको त्यांच्यासाठी व्ह्यूस्कॅन नावाचा प्रोग्रॅम आहे. तो हजारो जुनी मॉडेल ओळखतो, पण विकत घ्यावा लागतो. फुकटच्या प्रतीत पानावर खुणा उमटतात.

हे सगळं बघून पप्पांनी दुकानातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर माझ्यापुढे ठेवला. कार्बनची बिलं त्याच्यावरच निघतात, कारण कागदावर पिना आपटल्याशिवाय खालच्या प्रतीवर काही उमटत नाही. त्याला पॅरलल पोर्ट, नव्या लॅपटॉपला ते नाही. पॅरललचं यूएसबी करणारी केबल घेतली. ही केबल बहुधा प्रिंटरलाच चालते, पॅरललवरच्या जुन्या स्कॅनरला नाही. विंडोजमधला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर निवडला आणि बिलं सुरू झाली. त्यातून देवनागरी येत नाही, पण पप्पांची बिलं इंग्रजीतच असतात.

सगळ्यात सोपं काम निघालं ते चर्चच्या क्वायरमधल्या जुन्या कीबोर्डचं. त्याच्या मागे मिडीचं पाच पिनांचं भोक आहे. मिडी ही १९८३ पासूनची, सगळ्या कंपन्यांनी मिळून मान्य केलेली भाषा. साधं यूएसबी अडॅप्टर लावलं आणि पहिल्या मिनिटात लॅपटॉपवर सूर उमटले. आपला स्कॅनर त्याच्यापुढे कालचं पोर, पण तो एकाच कंपनीची बोली बोलतो.

आतापर्यंत तीन अंक पूर्ण स्कॅन झालेत, चौथा अर्धा आहे. शनिवारी दुपारी मी खोलीत असते, पानं उलटायला कोणीतरी या. लिनक्सचा पेन ड्राइव्ह लाल दोऱ्याने स्कॅनरलाच बांधून ठेवलाय. कृपा करून त्यात सिनेमे भरू नका.