झोका थांबला की लेकरू का उठतं?

चांगलं सहा-सात महिने बिनघोर निजणारं लेकरू आठव्या-नवव्या महिन्यात दर तासाला उठून रडू लागतं आणि आमच्या मोहगावच्या घरात निदानं सुरू होतात. आजीच्या मते नजर लागली, मीठ-मिरच्या उतरवा. जाऊ म्हणते, दात येताहेत. शेजारीण म्हणते, अंगावरचं दूध पुरत नसेल. आई काहीच बोलत नाही, तिला सकाळी कापूस वेचायला जायचं असतं.

दातांवर फारच खापर फुटतं. हिरड्या ठणकतात त्या दोन-चार दिवस, महिनाभर नाही. खरी उलथापालथ डोक्यात चाललेली असते. या वयात बाळाला एक नवीनच गोष्ट कळते: नजरेआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठंतरी असतेच. म्हणजे आई आहे, पण इथं नाही! मग हाका मारणं आलंच. त्यातच रांगणं, धरून उभं राहणं नुकतं जमलेलं असतं. काही बाळं अर्धवट झोपेत उठून उभी राहतात आणि खाली बसता येत नाही म्हणून रडतात.

आता झोळीकडे येऊ. बाळाची झोप साधारण तासाभराच्या फेऱ्यांनी येते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये ते किंचित जागं होतंच. डोळा लागला तेव्हा झोळी हलत होती, दोरी कुणाच्या तरी हातात होती. आता सगळं थांबलेलं. परत निजायचं तर त्याला तोच झोका हवा. झोळीत वाढलेल्या आम्हा सगळ्यांना हे पटायला जड जातं, पण उपाय इथंच आहे. डोळे जड झाले की झोका हळू करत थांबवायचा आणि पुरती झोप लागण्याआधी बाळाला अंथरुणावर घ्यायचं. पहिले काही दिवस रडारड होईल. शेजारी पडून थोपटायचं, दिवा लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. धरून उभं राहणाऱ्या बाळाला झोळीत एकटं सोडूच नये. ते कलंडतं, कापडात मान अडकू शकते.

दिवसाचं गणितही बघावं. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाची धरून 12 ते 16 तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संध्याकाळी सहाला निजवलेलं बाळ रात्री दहाला खेळायला उठलं तर त्याचा काय दोष? सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर भागत नाही, घट्ट वरण-भात हवा. रक्त कमी असलं तरी झोप चाळवते. आशाताई लोहाचं औषध देतात, ते आठवड्यातून दोनदा 1 मिली पाजायचं असतं. ते बरेचदा फळीवर धूळ खात असतं.

फळीवरची दुसरी बाटली मात्र उचलू नये. 'हे पाजलं की निजतं' म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध देणारी घरं आहेत. एके काळी मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. बाटलीमागचा विचार तोच. 2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या बाजूला, खोकल्याच्या विषारी औषधानं वीसहून अधिक मुलं गेली. ते औषध झोपेसाठी नव्हे, सर्दी-तापासाठी दिलं होतं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यानंतर केंद्र सरकारनंही बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधं देऊ नयेत. ताप, सतत कान ओढणं, घोरणं, दूध न पिणं, लघवी कमी होणं यांपैकी काही असेल तर मात्र थेट डॉक्टरकडे न्यावं.

राहता राहिला बाप. विजेची लाइन रात्री येते म्हणून संत्र्याच्या बागेला पाणी द्यायला दोन वाजता बिनतक्रार उठणारा माणूस लेकराच्या रडण्यानं जागा होत नाही, हे मला अजून समजलेलं नाही. ओलिताची पाळी नसेल त्या रात्री थोपटायची पाळी त्यानं घ्यावी.