साच्यातले स्वस्तिक

जिनालयात पाटावर अक्षता ठेवून स्वस्तिक काढणारे चार-पाच वर्षांचे मूल आपण सर्वांनीच पाहिले आहे. पहिल्या दिवशी त्याची एक भुजा लांबते, दुसरी आखूड राहते. वरच्या तीन ढिगल्या एकमेकींत मिसळतात आणि सिद्धशिलेची चंद्रकोर सरळ रेष होऊन बसते. शेजारची आजी त्याचे बोट धरून ती पुन्हा वळवून देते. चार भुजा म्हणजे चार गती, तीन ढिगल्या म्हणजे सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र, हे ती त्याच वेळी सांगत असते. आपल्या घरांतील मुलांचा चित्रकलेचा पहिला पाठ बहुधा हाच. त्याला कोणी चित्रकला म्हणत नाही, एवढेच.

अलीकडे याच कामासाठी प्लास्टिकचे साचे मिळू लागले आहेत. साचा ठेवावा, तांदूळ पसरावेत, साचा उचलावा. स्वस्तिक निर्दोष उमटते आणि वेळ वाचतो. वाचलेल्या त्या वेळात मूल काय करते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

शिक्षणातील तंत्रज्ञानाची चर्चा संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपासून सुरू करण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला ती या साच्यापासून सुरू करावीशी वाटते, कारण आपल्या परंपरेजवळ या प्रश्नासाठी एक चांगली कसोटी आहे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला गणित शिकवले, हे पाठशाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमात राजकुमार मेघाच्या शिक्षणाचे वर्णन आहे. कलाचार्य त्याला बहात्तर कला शिकवतात. यादीत प्रथम लेख, मग गणित आणि लगेच तिसरे स्थान ‘रूप’ या कलेला, म्हणजे आकार घडवण्याच्या आणि चितारण्याच्या विद्येला. त्यानंतर नाट्य, गीत, वाद्य. आजच्या वेळापत्रकात परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी ज्या तासावर गदा येते, तो तेथे गणिताच्या पाठोपाठ उभा आहे! याहून महत्त्वाचे आहे ते शिकवण्याच्या रीतीचे वर्णन. आचार्य या कला सूत्राने, अर्थाने आणि करणाने शिकवतात. सूत्र म्हणजे पाठ, अर्थ म्हणजे त्याचे आकलन, आणि करण म्हणजे स्वतःच्या हातांनी करणे.

आजचे यंत्र सूत्र हवे तितके पुरवते. अर्थही, निदान तयार स्वरूपात, समोर मांडते. करण मात्र ज्याचे त्यानेच करायचे असते. ते एखाद्या साधनाने शिकणाऱ्याच्या हातून काढून घेतले, तर शिक्षणाचा तिसरा भाग गळून पडतो. आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर दुसराही.

मावळात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तळेगाव दाभाड्याजवळचे आंबी पाहावे. इंद्रायणीच्या खोऱ्यातील या गावाच्या परिसरात आज औद्योगिक वसाहतीचे कारखाने आहेत, अभियांत्रिकी व अन्य शाखांचे मोठे शैक्षणिक संकुल आहे. येथे वाढणाऱ्या मुलाच्या पालकांना संगणकाची ओढ वाटावी, यात नवल नाही आणि वावगेही नाही. परंतु याच तालुक्यात भाजे, कार्ले आणि बेडसे येथील लेणी आहेत. ज्यांनी दगडातच लाकडी घरांचे वासे आणि कमानी कोरल्या, त्या कारागिरांचे काम आंबीच्या मुलाला एका सकाळच्या प्रवासात पाहता येते. सहलीत मुले तेथे जातातही. बहुतेकांच्या हाती फोन असतो. छायाचित्र निघते, पाठवले जाते, आणि पाहण्याचे काम संपले असे वाटते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या भागातील विशेष महत्त्वाचे ठिकाण म्हणजे पाले येथील लेणे. तेथील छोटा ब्राह्मी लेख सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा आहे. प्रा. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. लेखाचा आरंभ अरहंतांना वंदनाने होतो, नवकार मंत्राच्या प्रथम पदासारखा. आणि भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पाण्याची पोढी करवली, असे त्यात म्हटले आहे. या आरंभामुळे तो महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेखांपैकी एक मानला जातो. आपल्या समूहांत ही माहिती अभिमानाने फिरते. पण ‘अरहंत’ आणि ‘भदंत’ हे दोन्ही शब्द बौद्ध परंपरेतही रूढ आहेत, हे त्या संदेशात बहुधा नसते. तेव्हा लेख जैन मानण्याचा आधार कोणता, दुसरी शक्यता कितपत, हे मुलाने विचारले पाहिजे. त्याने विचारले, तर आपल्या अभिमानाला धक्का लागेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. स्याद्वादाचा वारसा सांगणाऱ्यांनी आपल्या आवडत्या विधानालाही ‘कोणत्या अपेक्षेने?’ असे विचारायला नको काय?

असे लेख वाचण्यासाठी अभ्यासक ठसा घेतात, त्याची रीत पाहण्यासारखी आहे. दगड स्वच्छ करून त्यावर ओला कागद बसवतात, राठ ब्रशाने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवतात, मग वरून शाई टिपतात. खोदलेली अक्षरे पांढरी राहतात, भोवताल काळा होतो. हेसुद्धा तंत्रज्ञानच, पण त्यात हात प्रत्येक अक्षरावरून जातो. मूळ लेखावर मुलांनी असा प्रयोग मुळीच करू नये. तो जाणकारांनी, परवानगीने करायचा असतो. परंतु नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलोच आहोत. तेच तत्त्व पाटीवर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांवर सहज शिकवता येईल.

म्हणून यंत्राला सरसकट नकार देण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. मुनिश्री पुण्यविजयजींचे उदाहरण आपल्यासमोर आहे. आयुष्यभर पायी विहार करणारा हा साधू 1950 च्या सुमारास जेसलमेरच्या ज्ञानभांडारांत दीर्घकाळ राहिला, तेथील ताडपत्रे व पोथ्या लावल्या, त्यांच्या सूची केल्या, आणि महत्त्वाच्या ग्रंथांचे मायक्रोफिल्मीकरणही करवून घेतले. फिल्मने पोथीचे रक्षण केले; ती वाचण्याचे, पाठभेद जुळवण्याचे काम फिल्मवर सोपवले गेले नाही. कोणते काम साधनाला द्यायचे आणि कोणते आपल्याकडे ठेवायचे, हा विवेक तेथे होता.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक अनेकदा लिहून ठेवी की समोर जसे दिसले तसेच मी उतरवले, चूक असल्यास दोष माझा नव्हे. वाकलेल्या पाठीची तक्रारही तो करी. या प्रामाणिक कबुलीचे मला अप्रूप वाटते. आजचे यंत्र तसेच उतरवून देते, पण खाली अशी ओळ क्वचितच लिहिते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात कठोर भिंत नसावी असे म्हटले आहे. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक अहवालाने तर तंत्रज्ञानाविषयी शीर्षकातच विचारले की हे साधन कोणाच्या अटींवर? अटी ठरवण्याचे काम मंत्रालयापर्यंत जाण्याची वाट पाहावी, असे नाही. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना आपली मुले बसतात ती पुष्कळदा दहावीच्या वाढीव गुणांसाठी. गुण मिळाल्यावर रंगपेटी माळ्यावर जाते. आपल्याच घरातील ही अट प्रथम बदलावी लागेल.

तळेगाव, कामशेत, लोणावळा येथील पाठशाळांना एक सुचवावेसे वाटते. ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांची झाडलोट करतो, त्यांवर वासक्षेप वाहतो. त्या दिवशी प्रत्येक मुलाने बोरूने एक पान लिहावे, चित्रासाठी चौकट मोकळी सोडावी, जशी कल्पसूत्राचे लेखनिक चित्रकारासाठी सोडत. आणि ती चौकट दुसऱ्या मुलाने भरावी. दिवाळीनंतर डोंगरावरील वाटा सुकल्या की पाल्याला जावे. पहिला अर्धा तास फोन पिशवीत, कागद-पेन्सिल हातात. अक्षरे वाकडी येतील. कोणी ‘न’ उलटा काढील. मग छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलांनीच सांगावे, कुठे काय सुटले.