ॲपचं कोणतं व्हर्जन, कोणता बदल?

खरीप आला की तिवसा तालुक्यात कपाशी-तुरीच्या बरोबरीनं एक प्रश्न फिरू लागतो: शेतातल्या पिकाची नोंद करायचं ई-पीक पाहणीचं जुनं ॲप ठेवायचं की काढायचं? 15 ऑगस्ट 2021ला राज्यभर सुरू झालेल्या या ॲपचं व्हर्जन 2 पुढच्याच खरिपात आलं, आणि चुकलेली नोंद 48 तासांत स्वतः दुरुस्त करायची सोय झाली. नंतर ‘डीसीएस’ (डिजिटल क्रॉप सर्व्हे) ॲप आलं. त्याच शेतकऱ्याला शेतकरी नोंदणीचं ॲग्रीस्टॅक, सरकारी योजनांचं महाडीबीटी, पीकविमा हेही लागतं. प्रत्येकाचा कारभार वेगळा, प्रत्येकाची सुधारणा वेगळ्या वेळी.

हा गोंधळ टाळायला सगळ्यांच्या व्हर्जनांची एकच यादी हवी, पण ती काढणं वाटतं तितकं सोपं नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांत तक्रारी आणि सुधारणा ‘जिरा’सारख्या प्रणालीत नोंदवतात. तिथं व्हर्जन प्रोजेक्टच्या मालकीचं असतं. दोन प्रोजेक्टांत ‘2.1’ असलं तरी नाव तेवढं सारखं. आतली नोंद वेगळी. म्हणून आधी प्रोजेक्टांची यादी मागवायची, मग एकेकाची व्हर्जनं काढायची आणि शेवटी ती जुळवायची. शोधाच्या चौकटीतून हे साधत नाही. तिथं तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी आणि सुधारणा, सापडतात. ज्या व्हर्जनला एकही तिकीट जोडलेलं नाही, ते दिसतच नाही. त्याहून घातक गोष्ट परवानगीची. ज्या प्रोजेक्टात तुमच्या खात्याला प्रवेश नाही, तो यादीत येत नाही आणि कुठला इशाराही मिळत नाही. अर्धी यादी पूर्ण समजून माणूस निर्णय घेतो. ‘रेडमाइन’ या तशाच दुसऱ्या प्रणालीत एक व्हर्जन सगळ्या प्रोजेक्टांना वाटून देता येतं, मला ती रचना जास्त शहाणी वाटते.

अशा यादीची किंमत डिसेंबर 2021मध्ये जगाला कळली. ‘लॉगफोरजे’ या असंख्य प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर घटकातलं सुरक्षेचं भगदाड बुजवायला 2.15.0, 2.16.0, 2.17.0 अशी व्हर्जनं एकाच महिन्यात पाठोपाठ आली. कोणत्या प्रोजेक्टात कोणतं बसलंय हे ज्यांच्याकडे लिहिलेलं नव्हतं, त्यांना एकेक यंत्रणा उघडून पाहावी लागली.

पीकविमा, नुकसानभरपाई यांसाठी पाहणीची नोंद विचारली जाते. मग व्हर्जनची माहिती फक्त प्रोग्रामरच्या पडद्यावर का असावी? महसूल आणि कृषी या दोन्ही विभागांनी मिळून एकच मराठी यादी काढावी. ॲपचं नाव, व्हर्जन, तारीख, काय बदललं, जुनं कधी बंद होणार, एवढे रकाने पुरेत. ती हंगामाच्या आधी तिवस्याच्या तहसील कार्यालयात आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.