शेतात रेंज मिळणारा मोबाईल कसा निवडावा?



गेल्या गळीत हंगामात एका सभासदाच्या उसाला तोड आली. निरोप मोबाईलवर गेला, टोळीच्या मुकादमानेही दोनदा फोन लावला. पण वस्तीवर रेंजच नव्हती. टोळी पुढच्या फडावर गेली आणि ऊस आणखी बारा दिवस उभा राहिला. वजन घटले ते घटलेच, शिवाय खोडव्याची कामे लांबली. तोडीचा निरोप, वजनाचा मेसेज, बँकेचा ओटीपी, रात्री-अपरात्री साप चावला तर गाडी बोलावणे, हे सगळे आता मोबाईलवर आले आहे. म्हणून बेणे निवडताना घेतो तेवढीच काळजी इथेही घ्यावी, असे आम्हांस वाटते.

१) आधी कंपनी, मग फोन : पुष्कळ जण आधी भारी फोन घेतात आणि मग रेंज शोधत बांधावर फिरतात. पाहुण्यांच्या गावात एखादी कंपनी चांगली चालते म्हणून आपल्या मळ्यात चालेलच असे नाही. शेजाऱ्याचे सिम घटकाभर आपल्या फोनमध्ये घालून घरात, विहिरीवर आणि फडाच्या मध्यावर फोन लावून पाहावा. सकाळी पाहावे, रात्री आठला पाहावे आणि वीज गेल्यावर तासा-दोन तासांनी मुद्दाम पाहावे. टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते. फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नये. प्रत्येक फोनचे दांड्यांचे माप वेगळे असते. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत उणे आकडा दिसतो. ४ जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर चांगले, उणे ११० च्या खाली गेला तर बोलणे तुटणार.

२) बँड पाहा : कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्या शिरतात. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ या लांब पल्ल्याच्या. फोनच्या माहितीत ४ जीसाठी त्या अनुक्रमे बँड २८, ५ आणि ८ अशा लिहिलेल्या असतात. भारत संचार निगमची ४ जी सेवा ७०० व २१०० वर आहे, जिओ ८५० ही वापरते, तर एअरटेल व व्हीआय यांच्याकडे ९०० आहे. आपल्या कंपनीचा लांब पल्ल्याचा बँड फोनमध्ये नसेल, तर टॉवर असूनही आडवळणाच्या मळ्यात उपयोग थोडाच. ‘५ जी आहे’ एवढ्यावर भुलू नये.

३) मोटारीचा मोबाईल स्टार्टर : पुष्कळ स्टार्टर फक्त २ जीवर चालतात. जिओची २ जी सेवा नाही, त्यामुळे तिचे सिम अशा स्टार्टरमध्ये किंवा जुन्या बटणाच्या २ जी फोनमध्ये चालत नाही. स्टार्टर घेताना दुकानदारास हे आधी विचारावे.

४) दोन सिम, दोन टॉवर : दोन सिमचा फोन घेऊन दोन वेगळ्या कंपन्या ठेवाव्यात. मात्र एकाच टॉवरवर अनेक कंपन्यांचे अँटेना असतात. तो बंद पडला की दोन्ही सिम गप्प! म्हणून दुसऱ्या कंपनीचा टॉवर शक्यतो दुसऱ्या दिशेचा असावा.

५) नंबर बदलू नका : कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. PORT या शब्दाच्या स्पेलिंगनंतर जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि १९०० वर मेसेज करावा. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. नंबर बदललाच, तर ऊस नोंदीत आणि बँकेत तो लगेच दुरुस्त करून घ्यावा. नाही तर निरोप जुन्याच नंबरवर जात राहतील.

६) उभ्या उसातली अडचण : ऊस डोक्याच्या वर गेला की ओली पाने लहरी शोषतात. मार्चमध्ये मिळणारी रेंज सप्टेंबरात मिळेलच असे नाही. तेव्हा पारख भर उसात करावी. आणि फोन लागेना तर बांधावर, उंचवट्यावर यावे.

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने ही तपासणी करावी. वस्तीवर कोणतीच रेंज नसेल, तर निरोपासाठी शेजारच्या विश्वासू माणसाचा दुसरा नंबर गट कार्यालयात नोंदवावा. ऊस वर्षभर सांभाळायचा आणि एका फोनापायी वाळवायचा, असे होऊ नये, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी